फायबरच्या होडीला रंग कसा द्यायचा? तयारीपासून शेवटच्या हातापर्यंत संपूर्ण माहिती

आपण नेहमी मोबाइल, अॅप आणि गॅजेटबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण फोन यातही लागणार आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा, भाट्ये, साखरतर, कुठेही गेलात तरी लाकडाच्या होड्यांसोबत आता फायबरच्या होड्या दिसतात. ज्यांच्या घरी अशी होडी आहे, त्यांचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला असतो: "रंग कुठल्या कंपनीचा घेऊ?"

माझ्या अनुभवाने सांगतो, हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, होडी स्वच्छ आणि कोरडी आहे का? दुसरा, आज हवा रंग लावण्यासारखी आहे का? या दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर सगळ्यात महागडा डबासुद्धा फुकट जातो.

आमचा गेला. काही वर्षांपूर्वी काका आणि मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निळ्या ताडपत्रीखाली होडी रंगवली. चांगला दोन डब्यांचा प्रायमर, वरून चांगला रंग. होडी नव्यासारखी चमकत होती. गणपती होईपर्यंत बाजूचा रंग तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटायला लागला. मी दुकानदाराला शिव्या घालत होतो, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "रंगाचा काय दोष नाय रे, होडी ओली होती." हंगामातले चांगले दिवस होडी परत वर ओढून रंग खरवडण्यात गेले. ते तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

## फायबरची होडी म्हणजे नक्की काय?

आपण ज्याला फायबर म्हणतो ते खरं तर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर असतात. रेझिन बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं असतं. सगळ्यात बाहेर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत रंगीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. नवी होडी चमकते ती या जेलकोटमुळे.

मग रंग कशाला हवा? तीन कारणं आहेत.

१. ऊन: अतिनील किरणांमुळे जेलकोट हळूहळू भुकटी होतो. जुन्या होडीवर हात फिरवला की खडूसारखं पांढरं लागतं, ते हेच.

२. पाणी: जेलकोट पूर्णपणे जलरोधक नसतो. होडी महिनोन्महिने पाण्यात राहिली की थोडं पाणी आत झिरपतं, रेझिनमधले विरघळणारे घटक त्यात मिसळतात आणि आतला दाब वाढून फोड येतात. याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडला की आतून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फोडताना डोळ्यांवर चष्मा लावा, आतलं पाणी दाबाने उडतं.

३. शेवाळ आणि बार्नेकल: खाडीत नांगरून ठेवलेल्या होडीच्या तळाला काही आठवड्यांत हे चिकटतात. होडी जड होते, वेग कमी होतो आणि इंधन जास्त लागतं.

## रत्नागिरीची खरी अडचण: सुट्टी आणि पाऊस एकत्र येतात

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. म्हणजे होडी किनाऱ्यावर आणि हात मोकळे. रंगकामाला यापेक्षा चांगला वेळ कुठला, असं वाटतं. पण रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग याच दोन महिन्यांत. म्हणजे सुट्टी मिळते तेव्हाच रंगासाठी हवा सगळ्यात वाईट.

त्यामुळे काम दोन भागांत वाटून घ्या:

- मे महिना: होडी लवकर वर घ्या. धुणं, सुकवणं, घासणं, प्रायमर आणि बाजूचा रंग पाऊस यायच्या आत संपवा. एवढं जमत नसेल तर एकच बाजू करा, पण पूर्ण करा.
- जून-जुलै: होडी शाकारून ठेवा. इंजिन, वायरिंग, दोर, जाळी ही कामं करा. रंग नको.
- जुलै अखेर किंवा ऑगस्ट: पावसाने दोन-तीन दिवस खरोखर उघडीप दिली तर तळाचा अँटीफाउलिंग रंग, पाण्यात सोडायच्या थोडं आधी.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: घरची लहान होडी आठ-दहा दिवस बाजूला ठेवणं परवडत असेल तर मोठ्या कामासाठी हाच सर्वोत्तम काळ.

## फोनवरून कसं ओळखायचं: आज रंग लावू की नको?

फक्त "पाऊस नाही" एवढं पुरेसं नसतं. बघायचा असतो दवबिंदू. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन पृष्ठभागावर बसते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो ना? होडीलाही तसाच येतो, फक्त तो इतका पातळ असतो की दिसत नाही. रंग त्या पाण्याच्या थरावर बसतो, होडीवर नाही.

जगभर रंगकामात दोन नियम पाळले जातात:

- होडीच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं.
- हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी हवी.

दवबिंदू बऱ्याच हवामान अॅपमध्ये थेट दिसतो. नसेल तर सोपं गणित करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर:

दवबिंदू = तापमान − (१०० − आर्द्रता) ÷ ५

हे अंदाजे आहे, पण आपल्या कामाला पुरतं. समजायला चार उदाहरणं:

| वेळ | तापमान | आर्द्रता | दवबिंदू | पृष्ठभाग किमान | निर्णय |
|---|---|---|---|---|---|
| मे, सकाळी १० | ३२ | ६५ टक्के | २५ | २८ | सावलीत लावा |
| जून, पाऊस थांबल्यावर | २७ | ९२ टक्के | २५.४ | २८.४ | नको |
| जानेवारी, सकाळी ७ | २० | ९० टक्के | १८ | २१ | थांबा |
| जानेवारी, सकाळी ११ | २९ | ५५ टक्के | २० | २३ | उत्तम |

जूनची ओळ नीट बघा. पाऊस थांबलाय, ऊनही पडलंय, पण ताडपत्रीखालची होडी २७ अंशांवरच आहे आणि लागतात २८.४. आम्ही नेमके इथे फसलो.

एक महत्त्वाची गोष्ट: अॅपमधली आर्द्रता तुमच्या होडीजवळची नसते, ती जवळच्या हवामान केंद्राची किंवा संगणकाने काढलेल्या अंदाजाची असते. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये आर्द्रता मोजणारा सेन्सर नसतो. "फोनने आर्द्रता मोजा" म्हणणारी अॅप इंटरनेटवरूनच आकडा आणतात. फोनचं तापमान दाखवणारी अॅप बहुतेक वेळा बॅटरीचं तापमान दाखवतात. म्हणून दोन-चारशे रुपयांचा लहान डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि होडीच्या सावलीत टांगा. अॅपचा उपयोग पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बघायला करा. भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' अॅप त्यासाठी चांगलं आहे.

आणि संध्याकाळी ४ नंतर नवा हात सुरू करू नका. सूर्य उतरला की होडी पटकन थंड होते आणि ओल्या रंगावर दव बसून चमक मरते.

## काय काय लागेल?

- गोडं पाणी, साबण, कडक ब्रश, पत्रा किंवा प्लास्टिकची पट्टी
- मेण काढायचं सॉल्व्हंट आणि भरपूर सुती फडकी
- पॉलिश पेपर: ८०, १८०, ३२० नंबर
- इपॉक्सीची लांबी
- दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणि त्याच कंपनीचं थिनर
- वरचा रंग, तळासाठी अँटीफाउलिंग
- बारीक फोमचा रोलर, चांगला ब्रश, मास्किंग टेप
- स्वयंपाकघरातला असतो तसा डिजिटल वजनकाटा
- चष्मा, नायट्रिल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क

## स्टेप बाय स्टेप पद्धत

स्टेप १: फोटो काढा. सगळ्यात आधी होडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. नोंदणी क्रमांक, नाव, पाण्याची रेष स्पष्ट दिसू दे. घासल्यावर हे सगळं जातं आणि मग "नंबर कुठपर्यंत होता?" यावर घरात वाद होतात. टेपपट्टी बाजूला धरून फोटो काढला तर मापही मिळतं.

स्टेप २: ओली असतानाच खरवडा. पाण्यातून काढल्या काढल्या बार्नेकल आणि शेवाळ सोपं निघतं. वाळलं की दगड होतं. मग गोड्या पाण्याने दोनदा धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रंगाखाली फोड येतात.

स्टेप ३: सुकू द्या. वरून कोरडी दिसली म्हणजे आतून कोरडी असं नाही. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा तळाला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून ओल आहे. फोड आले असतील तर ते उघडून, धुऊन सुकायला आठवडेसुद्धा लागतात.

स्टेप ४: घासायच्या आधी मेण काढा. ही स्टेप सगळ्यात जास्त विसरली जाते. होडी साच्यातून निघावी म्हणून साच्याला मेण लावलेलं असतं, त्यातलं थोडं नव्या होडीवर राहतं. जुन्या होडीवर डिझेल आणि माशांचं तेल असतं. आधी घासलं तर हे मेण-तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्या. फडकी सतत बदला.

झालं की नाही ते कसं कळेल? पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ. केळीच्या पानावर जमतात तसे थेंब जमले तर परत पुसा.

स्टेप ५: दुखणं शोधा. संध्याकाळी फोनचा टॉर्च होडीला चिकटवून तिरका धरा. खड्डे, फोड, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा लगेच सावलीत दिसतात. मग नाण्याने ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेत. अशा जागी पेन्सिलने खूण करा. नुसत्या रंगाने हे झाकलं तर समुद्रात महागात पडेल. मॅटपर्यंत गेलेली चीर फायबरच्या कारागिराकडूनच करून घ्या.

स्टेप ६: लांबी भरा. बारीक चीर 'व्ही' आकारात थोडी उघडा, धूळ पुसा, मग इपॉक्सी लांबी भरा. लक्षात ठेवा, पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही.

स्टेप ७: घासा. पाण्याखालचा तळ ८० नंबरने, बाजू १८० ने. चमक पूर्ण गेली पाहिजे. चमकणारा ठिपका राहिला तर तिथूनच पापुद्रा सुटणार. पण जेलकोट फोडून मॅट दिसेपर्यंत घासू नका. जुना अँटीफाउलिंग कोरडा घासायचा नाही, त्याची धूळ विषारी असते. पाणी लावून घासा.

स्टेप ८: प्रायमर. दोन डब्यांचं प्रमाण डब्यावर वाचा. ते मापाने दिलंय की वजनाने, तेही बघा, कारण दोन्ही वेगळं असतं. अंदाजाने ओतू नका. "हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल" हे इपॉक्सीत चालत नाही, उलट तो मऊ राहतो. फोनवर टायमर लावा. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होतं, तापमान १० अंशांनी वाढलं की वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून एका वेळी थोडंच मिसळा.

स्टेप ९: दोन हातांमधली वेळ पाळा. डब्यावर "पुढचा हात कमीत कमी इतक्या तासांनी, जास्तीत जास्त इतक्या" असं लिहिलेलं असतं. उशीर झाला तर परत घासावंच लागतं. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट, मेणासारखा थर येतो. तो सॉल्व्हंटने नीट निघत नाही. साधं पाणी आणि घासणीने धुवा, सुकवा, मग हलकं घासा. आमच्या होडीचा सुटलेला पापुद्रा मी उलटा करून पाहिला तेव्हा मागची बाजू गुळगुळीत आणि चिकट होती. प्रायमर होडीला घट्ट होता, रंग प्रायमरला धरलाच नव्हता.

स्टेप १०: वरचा रंग. प्रायमर ३२० ने हलका घासा, पुसा. एकाने रोलरने पातळ थर द्यायचा, दुसऱ्याने लगेच मागून कोरड्या ब्रशच्या टोकाने हलका हात फिरवायचा. बुडबुडे जातात आणि स्प्रेच्या जवळपास फिनिश येतं. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात चांगले. भर उन्हात तापलेल्या होडीवर लावू नका.

स्टेप ११: तळाला अँटीफाउलिंग. रोज वाळूवर ओढून ठेवणाऱ्या होडीला हा रंग फारसा लागत नाही, तो घासूनच जातो. खाडीत कायम तरंगणाऱ्या होडीला मात्र हवाच. इपॉक्सी प्रायमर अंगठ्याला चिकट लागतो पण अंगठ्यावर येत नाही, त्या वेळी पहिला हात दिला की पकड चांगली बसते. पाण्यात सोडायची मुदत डब्यावर वाचा. बहुतेक अँटीफाउलिंगमध्ये तांबं असतं. ते आउटबोर्ड इंजिनच्या अॅल्युमिनियमच्या भागाला लावलं तर तो भाग गंजून खलास होतो. झिंकच्या तुकड्यावर कुठलाच रंग नको, आणि फिश फाइंडरच्या सेन्सरवर साधा रंग नको.

## सुरक्षितता: हे वाचल्याशिवाय डबा उघडू नका

- फायबरच्या दुकानात रेझिनसोबत कोबाल्ट आणि एमईकेपी हार्डनर वेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन एकमेकांत थेट कधीच ओतू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर नंतर.
- एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. गेलाच तर लगेच १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि तसंच हॉस्पिटल गाठा.
- एन-९५ मास्क धुळीसाठी आहे. थिनरच्या वासासाठी तो चालत नाही, त्याला कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो.
- दोन डब्यांचा पीयू रंग घरी स्प्रे करू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा होऊ शकतो. रोलर आणि ब्रशच वापरा.
- ताडपत्री चारही बाजूंनी बंद करून आत रंगकाम नको. विडी-सिगारेट तर नकोच.
- घासलेली धूळ आणि उरलेला रंग खाडीत टाकू नका. खाली प्लास्टिक अंथरा. मासे आपणच खाणार आहोत.

## रंग किती घ्यायचा?

मीटरमध्ये मापं घ्या आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाका.

- तळ = पाण्यावरची लांबी × (रुंदी + पाण्यात बुडणारी खोली)
- बाजू = (लांबी + रुंदी) × २ × पाण्यावरची उंची

समजा होडी ७ मीटर लांब (पाण्यावरची लांबीही तीच धरू), २ मीटर रुंद, ०.४ मीटर बुडते आणि ०.७ मीटर वर दिसते. तळ १६.८ आणि बाजू १२.६ चौरस मीटर. डब्यावर "एका लिटरला १० चौरस मीटर" लिहिलं असेल तर तळाच्या दोन हातांना साधारण ३.४ लिटर, बाजूच्या दोन हातांना २.५ लिटर. वर दहा टक्के जास्त धरा.

## रंग आणि नंबर मनाने ठरवू नका

२००८ च्या मुंबई हल्ल्यातले दहशतवादी मासेमारी बोटीचा वापर करून आले होते. त्यानंतर किनारी राज्यांतल्या मासेमारी बोटींसाठी रंगसंगती ठरवून देण्यात आली, म्हणजे तटरक्षक दलाला लांबूनच बोट ओळखता येते. म्हणून डबे घ्यायच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या होडीला कुठला रंग लागतो ते विचारा. नोंदणी क्रमांकही कागदावर आहे तसाच, स्पष्ट आणि मोठा लिहा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घराच्या दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट चालेल का?
पाण्यावरच्या भागाला काही काळ चालतो, चमक लवकर जाते. कायम पाण्याखाली राहणाऱ्या भागाला नाही, तो मऊ पडून सुटतो.

जुन्या रंगावर नवा लावू का?
जुना रंग घट्ट असेल तर घासून लावता येतो. एका कोपऱ्यात थिनरचं फडकं दहा मिनिटं ठेवा. जुना रंग सुरकुतला तर त्यावर दोन डब्यांचा रंग लावू नका, आधी तो काढा.

रंग सुटला तर चूक कुठे झाली ते कसं कळेल?
पापुद्रा उलटा करून बघा. मागे पांढरी भुकटी असेल तर घासणं कमी पडलं. गुळगुळीत चमक असेल तर दोन हातांमध्ये उशीर झाला किंवा दमट हवेचा थर राहिला. मागे पाणी असेल तर होडी ओली होती.

पावसाळ्यात रंगवावंच लागलं तर?
पक्कं छप्पर आणि वारा खेळता हवा. दिवसातून तीन वेळा आर्द्रता मोजा. आकडा बसला नाही तर त्या दिवशी डबा उघडू नका.

## थोडक्यात

धुवा, सुकवा, मेण काढा, घासा, हवा मोजा, मगच रंग लावा. दहा दिवसांच्या कामात प्रत्यक्ष रंगाचे दिवस दोन-तीनच असतात, बाकी सगळी तयारी. त्या वर्षानंतर आमच्या होडीजवळ मे महिन्यात एक छोटा आर्द्रतामापक टांगलेला असतो. काका आधी हसले होते. आता सकाळी चहाच्या आधी तेच आकडा बघतात आणि मला फोन करून सांगतात, "आज नको रे, उद्या बघू."